आईच्या बोर्डावरचे गोल

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हीही तेच विचाराल. चित्र कॉम्प्युटर काढत नाही. चित्र मी काढते. कॉम्प्युटर नुसता हात चालवतो, न थकता, न कुरकुरता आणि मधेच चहा न मागता. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता सांगायचाही कंटाळा आलाय. चित्रकलेचे सर तसे सज्जन गृहस्थ, पण माझं एक चित्र पाहून म्हणाले, बटण दाबलं की झालं, यात तुमचं काय मॅडम? मी म्हटलं, सर, आज घरी जा आणि भात कुकरने केला, यात तुझं काय, असं बायकोला विचारून बघा. सगळे हसले आणि डबे उघडायला लागले. मला मात्र तो डबा गोड लागला नाही.

मी नगरला गणित शिकवते. गावाच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, पण एसटीचा कंडक्टर अजून नगरच ओरडतो, म्हणून माझ्याही तोंडात तेच. भूमिती शिकवता शिकवता मला कोडचा नाद लागला. शाळेच्या कॉम्प्युटरवर, मोबाईलवरचे व्हिडिओ बघत, एकटीच शिकले. पहिल्यांदा चौकोनांची एक रांग काढली. मग प्रत्येक चौकोन आधीच्यापेक्षा थोडा जास्त तिरका कर, असा नियम दिला. वरच्या बाजूला चौकोन सरळ उभे आणि खाली येता येता पार ढासळलेले, असं काहीतरी स्क्रीनवर उमटलं आणि मी खुर्चीतून उठलेच. मी एकही रेघ हाताने ओढली नव्हती, पण त्या ढासळण्यात माझा स्वभाव बरोबर उतरला होता. वर्गात तास सुरू होताना मी अशीच सरळ असते.

मग मला सुटेनाच ते. त्रिकोण, वर्तुळं, उभ्या-आडव्या रेघा. बाकी काही लागत नाही. एक नियम लिहायचा, त्यात थोडी जागा नशिबावर सोडायची, म्हणजे आकडा मशीनने मनाला येईल तो उचलायचा, आणि काय येतं ते बघायचं. दहा वेळा फालतू येतं, मग एकदा असं काही येतं की जेवायची आठवण राहत नाही. नियम कुठला ठेवायचा आणि काय फेकून द्यायचं, हे कोण ठरवतं? मीच ना? पण नाही. बटण दाबलं की झालं!

तर आई. आई गेली त्याला वर्ष होत आलं तेव्हा भावाचा फोन आला. धाकटा भाऊ गावी असतो. कोल्हारवरून थोडं पुढे, प्रवरा नदीच्या अंगाला आमचं गाव. ऊस, कांदा, दोन म्हशी. तो म्हणाला, ताई, पुण्यस्मरणाचं ठरवलंय, महाराजांचं प्रवचन, मग पंगत, आणि रस्त्याला बोर्ड लावायचाय.

बोर्ड म्हणजे फ्लेक्स. आमच्याकडे माणूस जन्मला की फ्लेक्स, त्याला मिशी फुटली की फ्लेक्स, आणि तो गेला की त्याहून मोठा फ्लेक्स. मधोमध गेलेल्या माणसाचा फोटो, वर पुढाऱ्यांची तोंडं, खाली शोकाकुल म्हणून भावकीची. गोल गोल चौकटींत, बटणं टाचल्यासारखी. एखाद्याचं तोंड राहिलं तर तो पंगतीला येत नाही, आणि आला तर जेवत नाही.

आईचा धड फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की ती मोरीत जाऊन भांडी घासायला लागायची. एकुलता एक फोटो आधार कार्डावरचा, त्यात ती चोरीच्या आळावरून पकडल्यासारखी बघते. भावाने तोच फ्लेक्सवाल्याला दिला. फ्लेक्सवाल्यांकडे तयार धडं असतात, तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. जांभळी पैठणी, लक्ष्मीहार, नथ, असं एका भलत्याच बाईचं धड, त्यावर आपल्या माणसाचं मुंडकं बसवायचं. भावाने तो नमुना मला व्हॉट्सॲपवर पाठवला. आईचा भेदरलेला चेहरा आणि खाली ती ठसठशीत पैठणी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथल्या तिथे फोन केला. म्हटलं, हे धड कोणाचंय, तिला विचारलंस का? आईने जन्मात पैठणीला हात लावला नाही आणि मेल्यावर तू तिला दुसरीच्या अंगात घालतोस?

तो म्हणाला, "सगळे तसंच करत्यात ताई. मग काय करू सांग."

मी म्हटलं, बोर्ड मी करते. तू फक्त छापून लाव. तो बघतो म्हणाला. आमच्या गावात बघतो म्हणजे काय, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी रागात होते.

मला काय पाहिजे होतं ते सांगते. आईच्या वाट्याला कधी अख्खी खोली आली नाही. अख्खी दुपार आली नाही. ताटसुद्धा अख्खं आलं नाही, सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते परातीतच कालवून खायची. मला एवढंच पाहिजे होतं की हा एक बोर्ड अख्खा तिचा असावा. त्यावर दुसऱ्या कोणाचंही तोंड नको. तिचंही नसलं तरी चालेल, पण दुसऱ्याचं नको.

आणि चित्र मला लगेच दिसलं. उन्हाळ्यात आई गच्चीवर निळा प्लॅस्टिकचा कागद अंथरायची आणि त्यावर साबुदाण्याच्या चिकाचे पळीपापड घालायची. पळीभर चीक ओतायचा, पळीच्याच बुडाने गोल फिरवायचा. कागदावर कुठूनही सुरुवात करायची. एक इथे, एक पार तिकडे. पण एकाला दुसरा लागू द्यायचा नाही, लागला की चिकटतो आणि उचलताना दोन्ही फाटतात. मोठे घालून झाले की मधल्या फटींत लहान, पातेल्याच्या तळचं खरवडून त्याहून लहान. कागद भरला की गच्चीभर गोलच गोल. ते सगळं मांडून झालं की आई कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं नुसती बघत उभी राहायची. तिचं तेवढंच ते उभं राहणं.

आता हाच नियम कोडमध्ये लिहिणं ही माझ्यासाठी काही मोठी गोष्ट नव्हती, असं मला वाटलं. कॉम्प्युटरला सांगायचं, कागदावर कुठलीही एक जागा उचल. तिथे गोल सुरू कर, वाढव, दुसऱ्या गोलापासून बोटभर अंतर राहिलं की थांब. मग पुढची जागा. झालं की! पण पहिल्याच दिवशी गोल एकमेकांवर चढले, लग्नाच्या वऱ्हाडासारखे. ते सुधारलं तर मशीन अडकून बसलं, कारण कागद भरला तरी ते जागा शोधतच राहिलं. कुठे थांबायचं ते मी सांगितलंच नव्हतं. मग तेही लिहिलं. मग दिसायला सगळं बरोबर, पण मुडदा. इतके नेमके गोल आईने कधी घातले नव्हते. तेव्हा प्रत्येक गोलाची कड जराशी हलवली, अगदी जराशी, पळी वळताना हात हलतो तेवढीच. बहुतेक पांढरे ठेवले, साबुदाण्याचे असतात तसे दुधट. आमच्यासाठी ती थोड्या चिकात बिटाचा रस घालायची, म्हणून मधे मधे गुलाबी. खाली निळं. आणि सगळ्यात खाली एका ओळीत फक्त तिचं नाव आणि प्रथम पुण्यस्मरण.

कितीतरी वेळा चालवलं ते. दर वेळी नवे गोल, नव्या जागा. कधी मोठा गोल कोपऱ्यात जायचा, कधी सगळे एका बाजूला गोळा व्हायचे. आणि एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर, शिपाई खिडक्या लावत असताना, ते आलं. वरच्या बाजूला मधोमध एक मोठा गोल, त्याभोवती मध्यम, आणि खालपर्यंत फटीफटींत बारके. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि मग माझंच मला कळलं मी कशी उभी आहे. रडू आलं. शिपाई म्हणाला, मॅडम, बिघडलं का काय? मी म्हटलं, नाही, जमलं.

फाईल भावाला पाठवली, फ्लेक्सवाल्यालाही पाठवली. भावाने अंगठा पाठवला. मी समजले, झालं.

पुण्यस्मरणाच्या दिवशी पहिल्या एसटीने निघाले. कोल्हारला उतरून रिक्षाने गावाच्या फाट्यावर आले आणि बोर्ड दिसला. लांबून माझंच चित्र, तोच निळा, तेच गोल. मी रिक्षातच सावरून बसले. जवळ गेले तसा एकेक गोल बघायला लागला. अक्षरशः बघायला लागला. त्यांना डोळे होते. मिशा होत्या, गॉगल होते, कपाळावर गंध होतं. मोठ्या गोलात तालुक्यातले एक पुढारी हात जोडून. भोवतीच्या मध्यम गोलांत सोसायटीचे, ग्रामपंचायतीचे, दूध डेअरीचे. त्याखाली भावकी, वयाप्रमाणे नव्हे, वजनाप्रमाणे. अगदी बारक्या फटींतल्या गोलांतही पोरासोरांची तोंडं कोंबलेली. आणि खाली उजवीकडे, एका बेताच्या गोलात, आधार कार्डावरची आई.

मी रस्त्यातच फ्लेक्सवाल्याला फोन लावला. माणूस खूश होता हो! त्याला वाटलं शाबासकी द्यायलाच फोन केलाय. म्हणाला, "मॅडम, तुमी गोल लई भारी पाडले हुते, पन भरायचे राहिले हुते. म्या भावाकडून फोटो घेतले आन् समदे बसवले. येक बी रिकामा ठेवला न्हाई." वर म्हणतो, असलं डिझाईन अजून करून द्या, वाढदिवसांना चालेल. आता या माणसावर मी काय रागावणार? त्याच्या आख्ख्या आयुष्यात रिकामा गोल म्हणजे राहिलेलं काम. फोटो बसवायचा नाही तर गोल पाडायचाच कशाला, हे त्याला कोण समजावणार?

भावावर मात्र रागावले. कांदे साठवायच्या चाळीच्या मागे नेलं त्याला, त्या वासात, आणि जे तोंडाला आलं ते बोलले. तू फोटो दिलेसच कसे? मी काय बजावलं होतं? तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, रिकामे गोल लावले असते तर लोक काय म्हणाले असते? आईच्या बोर्डाला पोरांना एक फोटो मिळाला नाही? मला तुझ्यासारखं संध्याकाळी नगरला जायचं नाही, मला इथंच राहायचंय. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मला अजूनच संताप आला. मी विचारलं, बरं, फोटो घातलेस ना, मग मोठ्या गोलात आई का नाही?

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाणी वर का वाहत नाही असं विचारलं. "मोठा गोल त्यांचाच आसतो ना ताई," तो म्हणाला आणि मांडववाल्याने हाक मारली म्हणून निघून गेला.

प्रवचन सुरू व्हायच्या आधीच पुढचं लचांड उभं राहिलं. आमचे एक चुलते आहेत, वडिलांचे चुलतभाऊ, वस्तीवर राहतात. स्कूटरवरून आले, फाट्यावर बोर्डासमोर थांबले, आपला गोल शोधला. तो निघाला एका फटीतला, बारका. आणि शेजारी, त्यांच्याहून मोठ्या गोलात, ज्याच्याशी त्यांचा बांधावरून कज्जा चालू आहे तो. काकांनी स्कूटर तिथूनच वळवली. बातमी मांडवात पोचली तेव्हा भावाचा चेहरा पांढरा पडला. मला म्हणाला, ताई, गोल तू पाडलेस, आता तूच आण त्यांना.

म्हणजे बघा! चित्र करताना कॉम्प्युटरने केलं, आणि भांडण झालं की ताईने केलं. पण गेले. आईचं वर्ष, घरचा माणूस उपाशी राहायला नको.

काका ओट्यावर बसले होते. म्हणाले, आमची किंमत तुमच्या घरात तेवढीच असंल तर तसं सांगा. मी त्यांना समजावलं. काका, गोल केवढा व्हायचा ते कोणीच ठरवलेलं नाही. मशीन मनाला येईल ती जागा घेतं, आजूबाजूला मोकळं असलं तर गोल वाढतो, नसलं तर लहान राहतो. त्यात मान नाही, अपमान नाही. फोटो नंतर फ्लेक्सवाल्याने हाताला लागेल तसे चिकटवले, असंही दडपून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आसं कसं हुईल पोरी? येकाला मोठं आन् येकाला बारकं, हे कुनीतरी ठरवल्याबिगर हुतंय व्हय?"

त्यांच्या सगळ्या आयुष्यात कोणीतरी ठरवूनच त्यांना बारक्या गोलात बसवलं होतं, त्यांना माझं मशीन काय पटणार? मी एवढंच म्हटलं की काका, तो बोर्ड तुमच्यासाठीही नव्हता आणि त्यांच्यासाठीही नव्हता. तुमची वहिनी पळीपापड घालायची ना गच्चीवर, त्याचं चित्र होतं ते. काकांनी टोपी घातली आणि म्हणाले, चल. मी त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून परत आले.

आम्ही फाट्यावर पोचलो तेव्हाच पुढाऱ्यांची गाडी आली. प्रवचन संपत आलं होतं, मांडवातली माणसं उठून रस्त्यापर्यंत आली. भाऊ धावत हार घेऊन गेला, त्यांच्या हातात दिला. साहेबांना पुढे दुसऱ्या गावाला जायचं होतं, म्हणून मांडवात न येता बोर्डालाच हार घालून श्रद्धांजली वाहतील असं कोणीतरी ठरवलं. साहेब हार घेऊन बोर्डासमोर गेले. समोर त्यांचं स्वतःचं तोंड, परातीएवढं. त्यांनी वर पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मोबाईल धरलेले सगळे थांबले. हार हातात तसाच. मग ते भावाकडे वळले आणि अगदी हळू, अदबीने विचारलं, "यात आई कोणत्या?"

भावाने बोट उचललं. आणि बोट हवेतच राहिलं. तो शोधत होता. त्या मिशांमधून, गॉगलांमधून त्याचे डोळे वरून खाली येत होते आणि त्याला आपली आई सापडत नव्हती. फार वेळ नाही, एखादा श्वास घ्यायला लागतो तेवढाच. पण मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, मला ते दिसलं. काकांनाही दिसलं. त्यांनी पुढे होऊन भावाचा हात धरला आणि बोट खाली उजवीकडे नेलं. साहेबांनी वाकून तिथे हार लावला. हार बोर्डाच्या मापाचा होता, त्या गोलापुढे फारच मोठा. आई त्याच्या मागे पूर्ण झाकली गेली.

मी दिवसभर मनात जुळवून ठेवलं होतं, पंगत उठली की भावाला काय काय ऐकवायचं. सगळं तोंडपाठ होतं. पण पंगत बसायच्या आधीच तो शिडी घेऊन फाट्यावर गेला. वाढायला माणसं कमी पडत होती तरी गेला. मी मागोमाग गेले. तो वर चढून बोर्डाच्या तारा सोडवत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, तुझ्या त्या नुसत्या गोलांत मला आई दिसली नसती. खरं सांगतो. पन ह्याच्यात तरी कुठं दिसली."

मी शिडी धरून उभी राहिले.